आर्द्रेतला योहान

पोर्तुगालमधल्या पोर्तु शहरात २३ जूनच्या रात्री कोणी अंथरुणाला पाठ टेकत नाही. संत योहान बाप्तिस्ताचा सण उद्यावर आलेला असतो. गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, निखाऱ्यांवर तारल्या भाजल्या जातात, तरणी पोरं जाळावरून उड्या मारतात. उत्तरेकडच्या मुलखात वर्षातले सर्वांत मोठे दिवस हेच. सूर्य चढायचा तेवढा चढलेला, आता तो उतरणीला लागणार. त्याच्या पाठवणीसाठी ही आग.

हाच संत सोळाव्या शतकात गलबतांसोबत मांडवीच्या काठी उतरला. त्याची तारीख तीच राहिली, डोक्यावरचं आभाळ मात्र दुसरं होतं. २४ जूनला गोव्यात आर्द्रा लागलेली असते. लाकडं ओली, काड्या सर्द, अंगणात घोटाभर पाणी. अशात शेकोटी पेटवायची कुणी आणि कशी? गोव्याच्या माणसाने त्यावर फार डोकं शिणवलं असेल असं मला वाटत नाही. त्याने भरलेली विहीर पाहिली आणि उडी मारली.

सांजांवच्या, म्हणजे योहानाच्या या सणाच्या दिवशी बार्देशातल्या कुठल्याही गावात जावं. एप्रिल-मे महिन्यात जिच्या तळाशी बादली खडखडत होती, तीच विहीर आता काठाला हात लावून उभी असते. पोरं डोक्यावर कोपेल घालून येतात. कोपेल म्हणजे रानवेली, जास्वंदी, क्रोटनची रंगीत पानं, हाताला लागेल ते गुंफून केलेला मुकुट. घुमट वाजत असतं. मातीचं मडकं आणि त्याच्या तोंडावर ताणलेलं कातडं, एवढंच ते वाद्य; पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्याने बकऱ्याचं. तेच घुमट दोन महिन्यांनी गणपतीच्या आरतीलाही वाजतं. ‘व्हीवा सांव जांव!’ अशी आरोळी उठते आणि एकामागून एक अंगं पाण्यात पडतात. वर्षभरात लग्न झालेल्या जावयाचा मान मोठा, त्याला सासुरवाडीच्या विहिरीत उडी मारावीच लागते. काठावरून फळं फेकतात, नारळ फेकतात, फेणीही असते. शिवोलीत सजवलेल्या होड्या नदीतून वाजतगाजत येतात. पाऊस कोसळत असतो आणि तो थांबावा असं कुणालाही वाटत नसतं.

या उडीला शुभवर्तमानाचा आधार आहे. लूकच्या पहिल्याच अध्यायात गरोदर मरिया आपल्या वयस्क नातलग एलिझाबेथला भेटायला डोंगराळ मुलखात जाते. मरियेचा आवाज कानी पडताच एलिझाबेथच्या पोटातलं सहा महिन्यांचं बाळ आनंदाने उसळी मारतं. ते बाळ म्हणजे योहान. जन्माआधी, आईच्या पोटातल्या पाण्यात, त्याने पहिली उडी मारली. पुढे मोठा होऊन तो यार्देन नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बुडवून बाहेर काढत राहिला. त्याच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना पाणी आहे. शेकोटी त्याला युरोपातल्या उन्हाळ्याने चिकटवलेली. गोव्यात येईपर्यंत त्याला आपला खरा सण मिळालेला नव्हता, असं मी म्हटलं तर पोर्तुकर रागावतील. रागावोत.

मी वसईचा. आमच्याकडेही हा धर्म समुद्रावरून आला; १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. येताना त्याच्यासोबत सत्ता होती, दंडुका होता. गोव्यात तर १५६० पासून इन्क्विझिशन बसलं आणि माणसांच्या जेवणावर, कपड्यांवर, गाण्यांवरही त्याने पहारा ठेवला. हे विसरून नुसते भक्तीचे गोडवे गाणं मला जमत नाही. पण एका गोष्टीवर लिस्बनच्या राजाचा हुकूम चालला नाही आणि रोमचाही. ती म्हणजे पाऊस. चर्चचं वार्षिक पंचांग भूमध्य समुद्राकाठच्या ऋतूंवर बेतलेलं आहे. गव्हाची पेरणी, द्राक्षांचा हंगाम, बर्फाळ नाताळ, वसंतातला ईस्टर. इथे आल्यावर त्यातल्या संतांना एकेक करून आपल्या नक्षत्रांत उभं राहावं लागलं. मृगात संत अंतोन, आर्द्रेत योहान आणि पेत्र, पुष्यात सांत आना, आश्लेषेत हिमाची माता, पूर्वात मरियेचा जन्म. शेतकऱ्याच्या तोंडी ही नक्षत्रं आधीपासून होती. संत त्यांच्या घरी राहायला आले.

पेत्राचं उदाहरण घ्या. तो गालील सरोवरावरचा मासेमार, त्याचा सण २९ जूनला. त्या वेळी आमच्या किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, जाळी घरात असतात. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात जायची बंदीच आहे, माशांच्या विणीचा काळ म्हणून. म्हणजे मासेमारांचा संत येतो तो नेमका मासेमारांच्या रिकामपणात. मग गोव्यातले मच्छीमार दोन होड्या शेजारी शेजारी बांधतात, वर फळ्या टाकून मंच करतात आणि त्याचा सांगड साजरा करतात. कांदोळीत, रायबंदरला या तरंगत्या मंचावर तियात्रातली गाणी होतात, नकला होतात, गावच्या भानगडींवर टोमणे मारले जातात. ओहोळाच्या दोन्ही काठांवर छत्र्यांची गर्दी. पेत्र हा पाण्यावर चालायला निघालेला आणि भीतीने बुडू लागलेला संत. त्याच्या सणाला डुलणाऱ्या फळ्यांवर उभं राहून हसवणं, ही मला फार समंजस भक्ती वाटते.

पुष्य नक्षत्रात, २६ जुलैला, तिसवाडीतल्या तळावलीच्या जुन्या देवळात सांत आनाचं फेस्त भरतं. आना ही मरियेची आई, येशूची आजी. परंपरा सांगते, तिला उतारवयापर्यंत मूल नव्हतं. जुलैत गोव्यातल्या डोंगरउतारांवर, परसात, मांडवांवर तवशी लागतात, कोवळी, पाणीदार, हातभर लांब. मूल हवं असलेली जोडपी ती घेऊन सांत आनाकडे येतात. तवसं द्यायचं आणि लेकरू मागायचं. लोक या सणाला तवशाचं फेस्तच म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस उभं राहिलेलं ते भव्य देऊळ, उंच मनोरे, आत मंद उजेड, आणि वेदीपुढे काकड्यांचा ढीग! बाहेरच्या कुणाला हसू येईल. मला त्यात हसण्यासारखं एवढंच दिसतं की देवाशी व्यवहार करताना माणसं इतकी मोकळी होऊ शकतात. ज्या मातीने पहिल्या पावसात बियाणं धरलं, त्याच मातीतलं फळ पुढे करून, माझीही कूस धर, असं म्हणायला धीर लागतो.

पण या सगळ्या पावसाळी संतांत माझा जीव सर्वांत जास्त अडकतो तो सासष्टीतल्या राय गावात. तिथलं चर्च ‘हिमाच्या माते’चं. रोममध्ये चौथ्या शतकात, ऐन ऑगस्टच्या उकाड्यात, एस्क्विलिन टेकडीवर रातोरात बर्फ पडलं आणि जिथे पडलं तिथे मरियेचं मंदिर उभारलं गेलं, अशी आख्यायिका आहे. ५ ऑगस्ट हा त्या हिमाचा दिवस. रोमच्या त्या महामंदिरात आजही या दिवशी छतातून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव करतात. आता हीच माता गोव्यात आणा. इथे कुणी बर्फ पाहिलेलं नाही. ५ ऑगस्ट म्हणजे आश्लेषा. झुवारीच्या काठची खाजणं पाण्याने डबडबलेली, बांधांवर खेकडे, बगळे एका पायावर ताटकळत. आणि रायच्या शेतात भाताची पहिली कणसं नुकती बाहेर पडलेली, अजून पुरती न पिवळलेली. लोक मिरवणुकीने शेतात जातात. फादर शेताला आशीर्वाद देतात, पहिली कणसं कापली जातात, चर्चमध्ये आणली जातात. मग घरोघर ती देव्हाऱ्यापाशी ठेवतात. कणसांच्या फेस्तांची सुरुवात रायपासून, मग गावोगाव ती पुढे सरकत जातात. ताळगावात २१ ऑगस्टला, मघा नक्षत्र लागल्यावर. हिमाच्या मातेने इथे येऊन बर्फाचा हट्ट धरला नाही. आहे ते पीक तिने पदरात घेतलं.

या कणसांबद्दल एक गोष्ट मला फार दिवस टोचत होती. मिस्सेतली भाकर गव्हाचीच असावी लागते आणि रस द्राक्षांचाच. चर्चचा तसा पक्का नियम आहे. कोकणात गहू होत नाही, द्राक्ष होत नाही. घाटावरून गहू येतो, द्राक्षं नाशिकसारख्या कोरड्या मुलखातली. म्हणजे ज्या तांदळावर आमचे देह पोसले, तो तांदूळ ख्रिस्ताचं शरीर कधीच होणार नाही. पेज पिऊन वाढलेल्या माणसाला हे थोडं लागतंच. पण मग कणसांचं फेस्त पाहिलं की वाटतं, लोकांनी या नियमाशी भांडण न करता त्याच्या शेजारी आपली जागा करून घेतली. तांदूळ भाकर होऊन वेदीवर जात नसेल, कणीस होऊन देवळात तर येतो. त्याच्यावर पवित्र जल शिंपडलं जातं. वर्षातून एकदा, गुडघाभर चिखलातून, धर्मगुरू त्याच्याकडे चालत येतो.

रायच्या शेजारीच राशोल. तिथे १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं. इंग्लंडात जन्मलेला हा येशूसंघी १५७९ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, इथेच राहिला. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्याने बायबलची कथा सांगितली, तीही मराठीत. मराठीचं कौतुक करताना त्याला ग्रीक-लॅटिनचे अलंकार आठवले नाहीत. मोगरा आठवला, कस्तुरी आठवली, मोर आठवला. इंग्लंडातल्या गारठ्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द कुठून आले असतील? संध्याकाळी दारापुढच्या वेलीखालून जाताना, पावसाआधी केकावणारा मोर ऐकताना, वर्षानुवर्षं ते त्याच्या आत मुरले असणार. मला तर वाटतं की त्या पावसाळ्यांनीच हा ग्रंथ अर्धा लिहिला आहे.

सप्टेंबरात ढग विरळ होतात. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, होड्या पुन्हा पाण्यात. ८ तारखेला मरियेचा जन्मदिवस आणि त्याच्या पुढच्या रविवारी वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा सुरू होते. आमचे कोळी तिला मोत माउली म्हणतात. मूर्ती समुद्रात हरवली होती आणि एका कोळ्याला ती लाटांवर सापडली, अशी कथा सांगतात. आजचं देऊळ १९०४ चं, पण नातं त्याहून जुनं. जत्रेत मेणाचे अवयव मिळतात: मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ, मेणाचं घर. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते त्याने विकत घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. अलीकडे मेणाची विमानंही दिसतात, परदेशी जायची इच्छा असणाऱ्यांसाठी. चढावर कडियो-बोडियो विकणाऱ्यांच्या गाड्या, चण्यांचा धूर, पाळणे, आणि रांगेत कोण नसतं? नऊवारीतल्या आज्या, बुरख्यातल्या बायका, ऑफिसातून थेट आलेल्या पोरी, कपाळावर गंध लावलेले आजोबा. पुष्कळदा हाच आठवडा गणपतींचाही असतो. खाली रस्त्यावर ढोल आणि वर टेकडीवर घंटा. दोन्ही आवाज त्याच खाऱ्या वाऱ्यात मिसळतात.

वांद्रे म्हटलं की बहुतेकांना सिनेमातला अँथनी आठवतो, हे मला ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ईस्टरची ओळख १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ने करून दिली: ईस्टर म्हणजे मोठं अंडं आणि अंड्यातून गात बाहेर पडणारा अमिताभ! मी त्यावर नाक मुरडत नाही. त्या गाण्यातलं नाव खरं आहे. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाला शिकवायचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून सूर आणि स्वरलेखन शिकलेली अशी कितीतरी माणसं मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. पावसाच्या जुन्या हिंदी गाण्यांत सरी पडू लागल्या की मागे व्हायोलिनांचा ताफा झरझर उतरतो. ऐकणाऱ्याला नायक-नायिका दिसतात. मला कौलारू देऊळ दिसतं, बाहेर खरंच पाऊस पडतो आहे आणि एक पोरगा गज ओढायला शिकतो आहे.

आमच्या वसईकडे कणसांचा सण उशिरा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. त्याला आगेरा म्हणतात. मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांतही तो होतो, शेतं गेली तरी. तोवर हस्त लागलेला असतो. दुपारी हत्तीच्या सोंडेने ओतावं तसा एकच पाऊस आणि लगेच लख्ख ऊन. भात पिवळं झालेलं असतं. पेंढ्या घेऊन माणसं देवळाकडे निघतात, बायका लाल लुगड्यांत, पुढे वाजंत्री. परतीच्या पावसाने घात करू नये ही धाकधूक प्रत्येकाच्या मनात, कारण कापणी अजून व्हायची असते. खरं सांगायचं तर आगेऱ्यात आभारापेक्षा आर्जव जास्त असतं. शेतकऱ्याला आभार मानायला उसंत कधी मिळते?

आमची वाडी म्हणजे नारळ, केळी, पानवेल, मोगरा, शेवंती आणि मध्ये बावखल. बावखल हे वाडीच्या सखल भागात हाताने खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं, वर्षभर जमिनीत मुरत राहतं आणि समुद्राचं खारं पाणी आत घुसू देत नाही. पूर्वी त्यावर रहाट असायचा. राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत घालणारी, मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडून पहिल्या लोकलने दादरला नेणारी ही सगळी दुनिया त्या पाण्यावर उभी होती. पहाटे, दुपारी बारा वाजता आणि तिन्हीसांजेला देवळाची घंटा वाजली की वाडीत वाकलेली माणसं ताठ होत, क्रुसाची खूण करत, मरियेला देवदूताने दिलेला निरोप आठवत आणि पुन्हा वाकत. मातीचे हात कपाळाला लागायचे. मला अजूनही प्रार्थनेचा वास म्हटलं की धूप आठवत नाही, शिंपलेल्या मातीचा आणि पानवेलीचा वास आठवतो.

बावखलं बुजली. इमारती उभ्या राहिल्या, पाण्याच्या वाटा अडल्या, आणि जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसच्या दिवस पाण्यात बसून होतं. हे होणार हे सांगणारा माणूस आमच्यात होता. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’चे संपादक, मराठीत ‘सुबोध बायबल’ देणारे, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. हरित वसईच्या लढ्यात ते झगा घालून रस्त्यावर उतरले. विहिरी आणि वाड्या वाचवणं हे धर्मगुरूचं काम आहे का, असं विचारणारे तेव्हाही होते. पाण्याने बाप्तिस्मा देणाऱ्या माणसाने पाण्यासाठी भांडू नये, हे मला कधी कळलेलं नाही. २०२४ च्या जुलैत ते गेले, पाऊस भरात असताना.

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. वाड्यांत शेवंती आणि झेंडू फुललेले असतात, ते दफनभूमीत जातात. अंधार पडता पडता प्रत्येक मातीच्या उंचवट्यावर मेणबत्ती लागते. त्यावर अधिक लिहीत नाही. ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांना ठाऊक आहे.

मग थंडी पडते आणि आया मुलांना सांगतात, बशीत गहू पेरा. नाताळला जेमतेम दोन आठवडे उरलेले असतात. कुणी गहू पेरतं, कुणी नाचणी, कुणी मोहरी. नाताळपर्यंत बोटभर हिरवे कोंब वर येतात आणि गोठ्याच्या देखाव्यात त्यांचं शेत होतं. मध्ये आरशाचा तुकडा ठेवला की तळं. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्यो गावी असिसीच्या फ्रान्सिसने खरा बैल आणि खरं गाढव आणून पहिला गोठा मांडला होता. आमच्या गोठ्यात जिवंत असतात ते हे कोंब. अडीच महिन्यांपूर्वी शेजारच्या घरी घटाभोवतीही असेच कोंब आलेले असतात, पिवळट, देव्हाऱ्याच्या अंधारात वाढलेले. दारावरचा कागदी ताराही आकाशकंदील करणाऱ्या हातांनीच केलेला असतो. बांबूच्या काड्या त्याच, खळ तीच, घडी फक्त बदललेली.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आंब्याला मोहर असतो आणि नेमक्या त्या घमघमाटात राखेचा बुधवार येतो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित करून आणलेली माडाची पाती वर्षभर घरात तसबिरीमागे खोचलेली असतात. ती वाळतात, तांबूस होतात, पालींचा संसार त्यांच्यामागे होतो. ती गोळा करून जाळतात आणि त्यांची राख कपाळावर लावतात: तू माती आहेस, मातीला मिळशील. यरुशलेमेच्या लोकांनी खजुराच्या फांद्या हलवल्या होत्या. आमच्याकडे माड होता, म्हणून माड. ज्याच्या करवंटीत दूध प्यायलो, ज्याच्या झावळीखाली निजलो, ज्याच्या खोबऱ्यावर जेवलो, त्याचीच राख कपाळावर येते. ती घामाने ओघळून भुवईत उतरते, आणि दुपारी वाडीत पाणी लावताना पुसूनही जाते.

ईस्टरची तारीख चंद्र ठरवतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. म्हणून आमचा हा सर्वांत मोठा सण कधी होळीच्या पौर्णिमेमागून येतो, कधी हनुमान जयंतीच्या. २०२४ मध्ये धुळवडीचे रंग अंगणात वाळले नव्हते तोवर गुड फ्रायडे आला. २०२५ मध्ये हनुमान जयंतीचा सुंठवडा आधी, पुनरुत्थान आठ दिवसांनी. येशूला पकडलं ती वल्हांडणाची रात्र, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचीच. गेथसेमनीच्या बागेत त्या रात्री चांदणं असणार. ऑलिव्हच्या झाडांखाली शिष्य झोपलेले, त्यांच्या अंगावर पानांच्या सावल्या, आणि तो एकटा जागा. शनिवारी रात्री देवळाबाहेर नवा विस्तव करून पास्काची मोठी मेणबत्ती पेटवतात. त्या वेळी गायल्या जाणाऱ्या प्राचीन स्तोत्रात मधमाश्यांचाही उल्लेख आहे, मेण त्यांनी दिलं म्हणून. जगाच्या तारणाची सर्वांत गंभीर घोषणा चाललेली असताना मध्येच मधमाशीची आठवण ठेवणारं चर्च, ते मला माझं वाटतं. आज त्या मेणबत्तीत मधमाशीचं मेण किती आणि पॅराफिन किती, ते विचारू नये.

आणि मे. मुंबईतल्या गावठाणांत, गोव्याच्या वाड्यावाड्यांवर, आमच्याकडे वसईत, रस्त्याकडेला जुने क्रूस आहेत. पावसाआधी त्यांना चुना लागतो, फुटलेला कोपरा कुणीतरी सिमेंटने लिंपतो, माथ्यावर अबोलीचा नाही तर झेंडूचा हार चढतो. संध्याकाळी शेजारपाजार जमतो. गोव्यात लदीन गातात, लॅटिन शब्दांची कोंकणी वळणाने लागलेली चाल, व्हायोलिन असलं तर उत्तमच. मरियेला एकामागून एक नावं द्यायची, सकाळचा तारा, कराराची पेटी, गुलाबाचं फूल, आणि प्रत्येक नावामागून सगळ्यांनी एकच विनवणी करायची. उकाडा असह्य झालेला असतो. पुरुष मागे उभे राहून पश्चिमेकडे बघत असतात. या वर्षी लवकर येणार म्हणतात, कुणी म्हणतं वेधशाळेचं काही खरं नाही, काजू आवरले का, कौलं चाळली का. वर फणसाच्या झाडावर कावळ्याने घरटं बांधलेलं, त्यावरूनही अंदाज चालतात. प्रार्थना संपली की पातेल्यातून उकडलेले चणे वाटतात, खोबऱ्याचे बारीक तुकडे घातलेले. मुलं कागदाचा द्रोण रिकामा करून, तोंड पुसून, रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहतात, आणि वाढणारी बाई त्यांना चांगलं ओळखत असूनही डाव भरून चणे घालते.